महाराजांची वरची मूठ

"पुन्हा तुटला!"

दिवाणजींनी नायलॉनचा धागा दोन बोटांत धरून जरासा ओढला मात्र, कटकन दोन तुकडे! भानुदेव महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. मोठ्या हौसेनं त्यांनी राज्यात नायलॉनचा कारखाना काढला होता. भट्टी नवी, यंत्रं नवी, आणि धागा मात्र वाळल्या गवताच्या काडीसारखा!

"माप चुकतंय, महाराज," दिवाणजी म्हणाले. "मापारी म्हातारा झालाय."

"मग बाबाजी मापाऱ्याला उद्या राज्याबाहेर काढा!"

म्हातारे बाबाजी हात जोडून पुढं आले. त्यांच्यामागे त्यांची लेक सगुणा उभी होती. शहरातल्या कॉलेजात शिकून नुकतीच घरी आली होती, आणि गप्प बसायची विद्या तेवढी तिथं कुणी शिकवली नव्हती.

"माप बाबांचं चुकत नाही, महाराज. आपली मूठ चुकते!"

"पोरी!" बाबाजी कुजबुजले. "मोठ्यांपुढं बोलू नये गं!"

"मग मोठे चुकले की कुणापुढं बोलायचं, बाबा?"

झालं! महाराजांच्या मुठीला नावं ठेवणं म्हणजे राज्याच्या देवळाला नावं ठेवणं. महाराजांच्या पणजोबांनी दुष्काळात घरोघर धान्य वाटलं, तेव्हा प्रत्येक मापावर स्वतःच्या हातानं एक मूठ वर घातली होती. तेव्हापासून या राज्यात मोकळं माप कुणाला देत नसत. धान्य असो, मिरच्या असोत, नाहीतर चुना; वरची मूठ पडायचीच. आणि कारखाना खुद्द महाराजांचा, म्हणून तिथं मूठही खुद्द महाराजांची!

"काय वाईट आहे माझ्या मुठीत?" महाराज गरजले.

"मुठीत काही नाही. पण नायलॉन दोन जिनसांचं बनतं. एक आम्लाची पांढरी पूड, दुसरं डायअमाइनचं पाणी. आम्लाच्या दोन्ही टोकांना कड्या आहेत असं समजा आणि डायअमाइनच्या दोन्ही टोकांना कोयंडे. कडी कोयंड्यात, कोयंडा पुढच्या कडीत, अशी लांबच लांब साखळी होते. तोच धागा! पण आपण पुडीवर मूठ घालता. पाण्यावर घालत नाही, कारण पाणी मुठीत राहत नाही. मग कड्या होतात जास्त! जिकडेतिकडे कड्याच कड्या. कडी कडीत अडकेल कशी? साखळी तिथंच संपते. आखूड साखळी, ठिसूळ धागा!"

"हात्तिच्या!" दिवाणजी म्हणाले. "मग डायअमाइनही थोडं जास्त ओता!"

"किती ओतू, दिवाणजी? महाराजांची मूठ रोज सारखी असते का? रागावले की आवळलेली, जेवून आले की ऐसपैस!"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी मूठ आवळली.

"ऐक, पोरी. माझ्या पणजोबांची मूठ थांबणार नाही. आणि धागा असा हवा, की त्याच्या दोरानं माझा हत्ती बांधला तरी तुटता कामा नये. उद्या संध्याकाळपर्यंत दोन्ही जमव. नाही जमलं तर बापाबरोबर तूही चालू लाग!"

"जमवते," सगुणा म्हणाली. बाबाजींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी अख्खा दरबार कारखान्यात लोटला. बाबाजींनी पूड मापली. महाराजांनी मुद्दाम भरगच्च मूठ वर घातली आणि मिशीला पीळ दिला. दिवाणजी गालात हसले.

सगुणा कामाला लागली. तिनं पूड मद्यार्कात विरघळवली, डायअमाइन दुसऱ्या भांड्यातल्या मद्यार्कात मिसळलं, आणि एक दुसऱ्यात ओतलं. बघता बघता तळाशी पांढरेशुभ्र खडे जमू लागले!

"हे काय?"

"नायलॉनचं मीठ, महाराज. जिभेला लावू नका!"

तिनं सगळं गाळून घेतलं. मीठ वर राहिलं, मद्यार्क खाली उतरला.

"थांब!" महाराजांचे डोळे बारीक झाले. "माझी मूठ कुठे गेली?"

"खालच्या मद्यार्कात. मीठ होताना एका कडीनं एकच कोयंडा धरला. ज्या कड्यांना जोडीदार मिळाला नाही, त्या तिथंच विरघळून राहिल्या."

"म्हणजे मूठ टाकलीस! महाराज, हा आज्ञाभंग!" दिवाणजींनी टाळीच वाजवली.

"टाकली कुठे? लग्नात जागा पुरली नाही म्हणून पाहुण्यांना ओसरीवर बसवलंय. पुढच्या खेपेला आधी त्यांनाच आत घेऊ! आणि मूठ अजून संपलेली नाही, महाराज." तिनं मिठाचं माप पुढं केलं. "आता भट्टीत हे मीठ जायचं. यावर घाला की वरची मूठ!"

महाराज बिचकले. "आणि धागा तुटला तर?"

"एक काय, चार मुठी घाला! मिठाच्या कणाकणात जितक्या कड्या, तितकेच कोयंडे. मूठ रागाची असो नाहीतर जेवणानंतरची, जोड्या बरोबरच! धागा तेवढा जास्त निघेल."

महाराजांनी एक मूठ घातली. सगुणाकडे बघितलं. दुसरी घातली. मग लहान मुलासारखी हळूच तिसरी!

मीठ पाण्यात कालवून झाकणबंद भट्टीत चढलं. दाब वाढला, मग वाफ फुसफुसत बाहेर गेली, आणि खालच्या बारीक भोकांतून वितळलेल्या नायलॉनच्या तारा उतरू लागल्या. गार झाल्या, ताणल्या गेल्या, रिळावर चढल्या. एकही तुटेना! संध्याकाळी त्यांचा दोर वळला आणि हत्ती खांबाला बांधला. माहुतानं समोर उसाची मोळी दाखवली. हत्तीनं हिसका दिला. खांब करकरला, दिवाणजी पळाले, दोर मात्र जागच्या जागी!

"शाबास!" महाराज ओरडले. "बाबाजी राहतील! आणि तुला काय हवं?"

"कारखान्याचा कारभार."

"दिला!"

सगुणा हात पुढं करून तशीच उभी राहिली.

"आता काय राहिलं?"

"वरची मूठ, महाराज! आपल्या राज्यात मोकळं माप कुणाला देत नाहीत ना?"

महाराजांनी तिच्या रिकाम्या ओंजळीकडे बघितलं. मग असे खदखदून हसले, की बांधलेला हत्तीसुद्धा दचकला! त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं, मुठीत धरलं, आणि ती मूठ सगुणाच्या ओंजळीवर उघडली.