पोपटशेठचा बिनआवाजी पंखा

बार्शीच्या पेठेत पोपटशेठचं पंख्यांचं दुकान होतं, आणि त्यांच्या शब्दापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

एके दिवशी हेमलता तिथे आली. नवऱ्याच्या माघारी ती मागच्या खोलीत अळिंबी पिकवून घर चालवत होती. खोलीतली कोंदट हवा ओढून घेणारा, पाईपात बसणारा पंखा तिला हवा होता, पण बिनआवाजी. भिंतीपलीकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा गेल्यापासून त्यांचा आवाज इतका खोल गेला होता, की हाक जेमतेम ऐकू यायची.

शेठनी सगळ्यात मोठा पंखा लावला. तो घरघरू लागला.

"आवाज आहे हो याला."

"ताई, पंख्यातलं तुम्हाला काय कळतं? हा चालू असताना मुंगीची पावलं ऐकू येतात!" शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसले.

हेमलताने पिशवीतून नवऱ्याचं चावीचं घड्याळ काढून त्यांच्या कानाशी धरलं. "मग ही टिकटिक येते ऐकू?"

"येते की! अगदी खणखणीत!"

"नशीबवान आहात, शेठ. आमचे हे गेले, तेव्हापासून या घड्याळाला चावीच दिलेली नाही. मी रोज कानाला लावते. मला नाही येत काही ऐकू."

दुकानात कुणीच हसलं नाही. शेठनी पंखा बंद केला, फळीवरचा लहान पंखा उतरवून पाईपाच्या तुकड्यात बसवून लावला. तिने गल्ल्यावरची पेटती उदबत्ती त्याच्यापुढे धरली; सगळा धूर पाईपात ओढला गेला.

"चुकलं माझं, ताई," शेठ मान खाली घालून पुटपुटले.

पंखा चालू असूनही तिला ते ऐकू आलं.

"हाच द्या," ती म्हणाली.