गोजराची रजा आणि महाराजांचा अंगठा

“रजा? आणि तुला?” तापणगडचे ढालदेव महाराज पलंगावर उठूनच बसले. “अगं गोजरे, तू येतेस दुपारी आणि जातेस दिवेलागणीला! सकाळभर घरीच असतेस की! ती रजा नाही तर काय?”

गोजरा पंखा ओढणारी. महाराजांच्या पलंगावर झालरीचा भला थोरला पंखा टांगलेला, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीत गेलेली. दुपारी महाराज आत घोरायचे आणि गोजरा बाहेर दोरी ओढायची. दोरी थांबली की घोरणं थांबायचं, आणि घोरणं थांबलं की आरडाओरडा सुरू! तापणगडचा उन्हाळा म्हणजे काय विचारता! तिथले कावळेसुद्धा दुपारी ओरडायचा कंटाळा करतात.

“सकाळी मी घरी झोपा नाही काढत, सरकार! दळण, पाणी, गोठा, सगळं माझ्याच गळ्यात,” गोजरा म्हणाली. “पूर्ण दिवसाच्या माणसांना महिन्याला दोन दिवस रजा मिळते, वर त्या दिवसाची मजुरीची ज्वारीही मिळते. मला एकच दिवस द्या. उद्या माझ्या भावाच्या लेकीचं बारसं आहे. मी एकुलती एक आत्या! आत्यानं कानात ‘कुर्र’ केल्याशिवाय पोरीचं नाव कसं ठेवायचं?”

“नका ठेवू! अर्ध्या दिवसाच्या नोकराला रजा नाही म्हणजे नाही. हा माझा शब्द आहे, आणि तापणगडात माझा शब्द सगळ्यांना सारखा!”

शेजारी उभ्या दिवाण निंबाजीपंतांनी मान डोलावली. महाराज शिंकले तरी पंत मान डोलवायचे.

गोजरा मात्र जागची हलेना. महाराज त्या दिवशी खुशीत होते, कारण परवा सासुरवाडीला आमरसाचं जेवण ठरलं होतं. त्यांना गंमत सुचली.

“बरं, जा! ज्वारीसकट जा! पण अट ऐक. उद्या दुपारी पंखा हलला पाहिजे. तू गडावर दिसता कामा नये, आणि तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी दोरी ओढता कामा नये. जमलं तर तुलाच काय, अर्ध्या दिवसाच्या सगळ्या नोकरांना रजा! नाही जमलं, तर पुन्हा गड चढू नकोस!”

स्वतःच्या हुशारीवर महाराज असे खूश झाले, की त्यांचा उजवा पाय थाडथाड हलू लागला. ही त्यांची जुनी खोड. बसले तरी पाय हलतोय, झोपले तरी हलतोय! राणीसाहेब दुसऱ्या दालनात निजायच्या त्या काही उगीच नाही. भिंतीतल्या भोकातून गोजरानं तो पाय सात वर्षं पाहिला होता.

“मान्य!” ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं दोरी आत ओढून घेतली, तिच्या टोकाला मऊ रेशमी गोफ बांधला आणि तो पलंगाच्या पायथ्याशी सोडला.

“सरकार, उद्या आडवे झालात की उजव्या पायाचा अंगठा एवढा यात अडकवा आणि खुशाल झोपा.”

“मंत्रबिंत आहे की काय?”

“वारा नाही आला तर नोकरी माझी जाईल. तुमचं काय जातंय?”

बोलली खरी, पण दुसऱ्या दिवशी भावाच्या गावाची वाट चालताना ती सारखी मागे वळून गडाकडे पाहत होती. नोकरी गेली तर खायचं काय? बारशाला तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तशा बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. ती हसली, पण नजर उन्हाकडे होती. आता महाराज लवंडले असतील!

तिसऱ्या दिवशी सकाळीच तिला बोलावणं आलं. महाराज नवा फेटा बांधून सदरेवर बसले होते. दाराशी बग्गी उभी होती.

“हरलीस, गोजरे!”

“पंखा नाही हलला?”

“झकास हलला! असली झोप सात वर्षांत लागली नव्हती! पण हलवला कुणी? पंत पहाऱ्यावर होते. सांगा, पंत!”

पंतांची मान आयुष्यात पहिल्यांदा डोलेना. “महाराज... आपणच. आपला पाय हलत होता, दोरी ओढली जात होती. चांगला प्रहरभर.”

“ऐकलंस? तुझ्याऐवजी मी ओढला! गेली तुझी नोकरी!”

 गोजरानं दाराशी उभ्या बग्गीकडे पाहिलं आणि हात जोडले.

“बरं झालं, सरकार, तुम्हीच कबूल केलंत. दुपारचा पंखा आता तुम्ही ओढता. म्हणजे माझी गेलेली नोकरी तुम्हाला लागली!”

“मला?”

“तर काय! आता तुम्ही काही बग्गीत चढू नका. तुम्ही आमरसाला गेलात तर दुपारी पंखा कोण ओढणार? अर्ध्या दिवसाच्या नोकराला रजा नाही म्हणजे नाही. शब्द सगळ्यांना सारखा!”

“अगं, पण राणीसाहेब बग्गीत बसल्यात!”

“त्या जाऊ देत की! त्या पूर्ण दिवसाच्या राणीसाहेब आहेत, त्यांना रजा आहे!”

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं. “मग... मग मी ओढलाच नाही पंखा!”

“मग कुणीच नाही ओढला, आणि मी जिंकले! काय ते एकदा ठरवा, सरकार. आमरस खोळंबलाय!”

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी आधी उभी मान हलवली, मग आडवी. ते पाहून महाराजांना असं हसू फुटलं, की नवा फेटा सुटून गळ्यात आला!

“जिंकलीस, बाई, जिंकलीस! पंत, लिहा! अर्ध्या दिवसाच्या सगळ्या नोकरांना रजा, ज्वारीसकट! आणि गोजराच्या भाचीला चांदीचे वाळे!”

हसत हसत महाराज बग्गीत चढले. लगेच पाय हलू लागला, तसं त्यांना काहीतरी आठवलं.

“गोजरे, तो गोफ आण गं! सासुरवाडीलाही फार उकडतं!”

“छे छे, सरकार!” गोजरा म्हणाली. “रजेच्या दिवशी काम नाही करायचं!”

महाराज खो खो हसले आणि स्वतःच्या बोटातली अंगठी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली.