पडद्याकडे पाठ

“पण अक्का, तो शॉट अख्खा ठेवायचा की कापायचा?”

प्रश्न दारातच विचारून झाला. पायात चपला, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, एका हाताला लेक, आणि कुणी ‘ये’ म्हणायच्या आत ऋजुताचं हे.

कुमुदअक्का ताटात वाटाणे सोलत बसल्या होत्या.

“चपला काढ,” त्या म्हणाल्या.

या प्रश्नाने ऋजुताचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा वाटे, ठेवावा. कूस बदलली की वाटे, कापावा. पहाटे लेकीचं पांघरूण सरकलं होतं ते नीट केलं, तेही शॉटचाच विचार करत. आपण आई म्हणून बऱ्या आहोत की संकलक म्हणून, याचाही निकाल तिला लावता येईना. दोन्हीकडे काठावर पास, असं तिचं तिलाच वाटे.

अक्कांच्या हातून मात्र ती चांगली पास झाली होती. कोल्हापुरात स्टुडिओ गजबजलेले असताना अक्का फिल्म कात्रीने कापायच्या आणि चिकटपट्टीने जोडायच्या. पुढे त्यांनी शिकवलं. ऋजुता त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्यांमधली. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं. अडखळायची ती एवढ्यामुळेच.

“कसला शॉट?”

“भैरूआप्पांचा. माझ्या माहितीपटातले घोंगडीवाले. मी फोनवर सांगितलं होतं ना.”

“सांगितलं असशील.”

“अक्का, त्या शॉटवर ट्रेलर चाललाय! लोक रडलेत. अनोळखी लोक मेसेज करून सांगतायत, आमचे आजोबा आठवले म्हणून.”

“मग अडलंय कुठं?”

अडलं होतं ते वितरकापाशी. मुंबईचा माणूस, बोलायला गोड. त्याचं म्हणणं, मोबाईलवर बघणारा इतका वेळ एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबत नाही; शॉट चिमटीत मावेल एवढा करा. ऋजुताचं म्हणणं, तो शॉट हीच फिल्म आहे. संध्याकाळी सहाच्या आत फाईल चढवायची होती. नाही चढवली तर हा हंगाम गेला, आणि वितरकही गेला.

“किती वेळा कापलीस?”

“एक फायनल आहे. मग फायनल दोन. मग फायनल खरी. आणि ही फायनल खरी नवी.”

“बारशाला बोलवायचंस तरी.”

ऋजुता हसली नाही. तिने टीव्हीला वायर जोडली, खिडकीचे पडदे ओढले, परत येऊन वायर हलवून बघितली. मैथिली, म्हणजे मैथू, बालवाडीच्या वयाची, कोचावर मांडी घालून बसली. अक्कांनी तिच्यापुढे वाटाण्याच्या शेंगा ठेवल्या.

मग अक्कांनी एक स्टूल उचललं, टीव्हीच्या बाजूला ठेवलं, आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

“अक्का... पडदा मागं आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग दिसणार कसं?”

“कापताना मी पडदा बघते. दाखवताना माणसं बघते. लाव तू.”

ऋजुताने लावली. अक्कांना बघायचीच नव्हती तर आपण एवढ्या लांब का आलो, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग आपल्या मनात असं का आलं, म्हणून वाईट वाटलं. दोन्ही होईपर्यंत फिल्मची नावं संपली होती.

मेंढ्या गेल्या. कातरलेली लोकर गेली. चिंचोक्याची खळ लावलेलं सूत उन्हात वाळत राहिलं. मग मागाचा खड्डा आला. त्यात पाय सोडून बसलेले भैरूआप्पा, कमरेपर्यंत जमिनीत आणि कमरेवर कामात.

“इथं मी मुद्दाम आवाज हळूहळू...”

“तू बोलू नकोस.”

...

अक्का मैथूकडे बघत होत्या. मैथू शेंगा खात बघत होती. ऋजुता एकदा अक्कांकडे बघे, एकदा घड्याळाकडे.

मग तो शॉट आला.

पडद्यावर ऋजुताचाच आवाज : “आप्पा, तुमच्यामागं हा माग कोण चालवणार?”

आप्पांचे हात थांबले. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. ओठ मिटले. सारंगी सुरू झाली, अगदी खालून, जमिनीतून आल्यासारखी. आप्पांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ओठ थरथरायला लागले. त्यांनी ते आणखी घट्ट मिटले. हनुवटी हलली...

ऋजुताने डोळे पुसले. दर वेळी पुसावे लागत. आपणच कापलेल्या शॉटवर आपणच रडायचं म्हणजे जरा अतीच, हे तिला कळत होतं.

आणि मैथू खुदकन हसली.

“मैथू!”

मैथूने दोन्ही हात तोंडावर दाबले. वाटाणे कोचभर झाले. ती आतल्या आत हसतच होती.

“असं हसू नये, सोन्या. आजोबा रडतायत ना?”

“नाही रडत.”

“मैथू...”

“थांबव,” अक्का म्हणाल्या.

चित्र थांबलं. आप्पांचा चेहरा भरल्या डोळ्यांनी टीव्हीवर तसाच राहिला. अक्का अजून त्याच्याकडे पाठ करूनच होत्या.

“काय गं बाळ, हसलीस का?”

“गंमत आहे.”

“सांग की मला.”

“सांगायचं नाही. आजोबांनी पण नाही सांगितलं.”

“बरं. नको सांगू.” अक्का ऋजुताकडे वळल्या. “सारंगी काढ.”

“अक्का, सारंगी काढली तर शॉट उघडा पडेल.”

“पडू दे की. तिथला आवाज कुठाय?”

“बंद केलाय. काही उपयोगाचा नव्हता तो. खाली कसली तरी खुडखुड येत होती. उंदीर असेल मागाच्या खड्ड्यात.”

“उंदीर ऐकव.”

तेवढ्यात ऋजुताचा फोन थरथरला. वितरक. तिने तो फरशीवर उपडा ठेवला. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन सारंगी बंद केली, मूळ आवाजाची खालची पट्टी उघडली, आवाज वाढवला. बोटं चुकत होती. ज्या बोटांना झोपेतही सगळी बटणं सापडायची, ती.

“आप्पा, तुमच्यामागं हा माग कोण चालवणार?”

शांतता. लांब कुठेतरी कोंबडा. मग खुडखुड. आणि मग खड्ड्यातून, अगदी जवळून, एक कुजबुज :

“आजोबा... सांगू नका हं. श्...”

आप्पांचे ओठ मिटले. नाकातून एक बारीक फुस्स आवाज आला, दाबलेल्या हसण्याचा. डोळ्यांत पाणी तरळलं. हनुवटी हलली. खालून पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं.

“ती मी आहे!” मैथू कोचावर उभी राहिली. “उंदीर नाही काही! मी आजोबांच्या पायाशी लपले होते. खाली. अंधारात. आजोबांचे पाय गार होते.”

ऋजुता लॅपटॉप बाजूला ठेवून जमिनीवर बसली.

शूटिंगच्या त्या दिवशी तिने मैथूला आप्पांच्या सुनेच्या हवाली केलं होतं. ‘परसात कोंबड्या दाखवा हिला, तासभर आत येऊ देऊ नका.’ सामान गाडीत चढवताना मैथू समोर आली तेव्हा तिच्या केसांत, फ्रॉकवर, भुवयांवरसुद्धा लोकर होती. खुराड्यात शिरलीस म्हणून ऋजुताने तिला दटावलं होतं. कोंबडीला लोकर नसते, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. ती मनातल्या मनात शॉट बघत होती.

“म्हणजे आप्पा रडलेच नाहीत,” ती म्हणाली.

अक्कांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“हसू दाबत होते ते. लोक रडले, अक्का. हजारो लोक.”

“कशावर रडले?”

“...सारंगीवर. ती मी दिली.”

फोन पुन्हा थरथरला. फरशीवर गोल फिरत फिरत कोचाखाली जायला निघाला. कुणी उचलला नाही.

“आता काय करू? काढून टाकू? मग फिल्ममध्ये राहतं काय! ट्रेलर तर गेलाय. की पाठवू तशीच? कुणाला कळणार आहे?” ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. “मला कळणार. तुम्हाला कळलं. अक्का, तुम्ही तर पाहिलासुद्धा नाहीत तो शॉट!”

“नाही पाहिला.”

“मग सांगा ना. कापू कुठं?”

“त्याच्या पुढं काय आहे?”

“पुढं?”

“त्या शॉटच्या पुढं. मूळ टेपात.”

“टेप नसते आता, अक्का.”

“जे काय असतं त्यात.”

ऋजुता थांबली. लॅपटॉपच्या पडद्यावर आप्पांचा चेहरा होता. सारंगीशिवाय तो वेगळाच दिसत होता; चोरून बोर खाल्लेल्या पोरासारखा. इतके महिने हा चेहरा आपण रोज बघत होतो, आणि...

“पुढं काही नाही,” ती म्हणाली. “मला हवं ते मिळालं होतं. मी कट म्हटलं.”

...

अक्का खाली वाकल्या आणि कोचाखाली गेलेले वाटाणे एकेक वेचायला लागल्या. ऋजुता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. लहानपणी गणित चुकल्यावर मास्तरांपुढे बसायची, तशी.

“अक्का, सहा वाजतील. एवढंच सांगा. शॉट कुठं तोडू?”

“मला नको विचारू,” अक्का म्हणाल्या. “बघणारी ती बसलीय. तिला विचार.”

ऋजुताने वर पाहिलं. मैथू टीव्हीसमोर जाऊन उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, नाक काचेला लागेल इतकी जवळ.

“मैथू,” ऋजुता म्हणाली. “झालं ना गं इथं? की अजून हवं?”

“आता पुढचं लाव ना,” मैथू म्हणाली. “तू मला शोधायला येतेस ते.”