आबासाहेबांचा ट्रक का तापायचा

आबासाहेब ट्रान्सपोर्टवाल्यांचा नवाकोरा ट्रक घाटात दर खेपेला तापून उभा राहायचा. खापर फुटलं ड्रायव्हर यशवंतावर. त्याला काढून टाकायच्या आधी आबासाहेबांनी कऱ्हाडच्या रज्जाक मिस्त्रीला बोलावलं आणि बजावलं, "माझ्या गाडीत खोट नाही. जो खोट काढतो, त्याला मी पुन्हा माझ्या कुठल्याच गाडीला हात लावू देत नाही."

मिस्त्रीनं पाणी बघितलं, पंख्याचा पट्टा बघितला. सगळं ठाकठीक. मग तो गाडीच्या पुढ्यात आला. रेडिएटरच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आबासाहेबांचा हात जोडलेला पत्र्याचा फोटो ठोकलेला होता. वाऱ्याला आत शिरायला बोटभर फट नव्हती.

यशवंता मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आबासाहेब, गाडी निर्दोष आहे आणि यशवंताही," मिस्त्री म्हणाला. "चूक वाऱ्याची. तो बिचारा इंजिन गार करायला येतो, पण दारात तुम्ही उभे. तुम्हाला ओलांडून आत जायची त्याची हिंमत होत नाही."

आबासाहेबांची मिशी हलली. "मग वाऱ्यासाठी मी बाजूला व्हायचं?"

"छे छे. तुम्ही मागच्या फळीवर जा. समोरून येणारा तुम्हाला क्षणभर बघतो. मागं अडकलेला घाट संपेपर्यंत बघत बसेल."

फोटो मागं गेला. ट्रक तापायचा थांबला, यशवंताची नोकरी राहिली. आता घाटात मागच्या गाड्या वैतागून हॉर्न मारतात, आणि यशवंताशेजारी बसलेले आबासाहेब प्रत्येक हॉर्नला खिडकीतून हात हलवतात.