कुदळ न लावता सोरा

दसऱ्याच्या तोफांच्या दारूसाठी दोन मण सोरा हवा, पण कुणाच्याही गोठ्यात कुदळ लावायची नाही, असा हुकूम राजा चंद्रसेनाने सोडला आणि सोरा काढणाऱ्यांची आळी हवालदिल झाली. सोरा निघतो तोच मुळी गोठ्याच्या जुन्या, मूत मुरलेल्या मातीतून! पण गेल्याच आठवड्यात आळीवाल्यांनीच खणलेल्या एका खड्ड्यात महाराजांचा पाय मुरगळला होता. सोरा दिला नाही तर अख्ख्या आळीनं गाव सोडायचं होतं.

आळीतली म्हातारी माणसं कपाळाला हात लावून बसली. आळीतलीच एक सून, ठकू, मात्र घागर घेऊन विहिरीवर गेली. तिथं ती बायकांना सहज म्हणाली, की ज्याची जनावरं खाऊनपिऊन तगडी, त्याच्या गोठ्याच्या मातीत सोरा जास्त. सगळ्यात जास्त कुणाचा, ते एकदा बघायला हवं. पण पाटलांची बरोबरी कोण करणार म्हणा!

दुसऱ्या दिवशी उजाडताच तेली टोपलीभर माती घेऊन दारात हजर. दुपारी कुलकर्णी आले, संध्याकाळी पाटलांची गाडीच आली. चढाओढीची बातमी राजवाड्यात पोचली. पाटलाचे बैल आपल्या घोड्यांना मागे टाकणार, हे महाराजांना कसं खपावं? त्यांनी पागेतली चार गाड्या माती खणून पाठवली.

ठकूनं ज्याची त्याची माती वेगळी भिजवली. पाणी गाळून त्यात राख कालवली, पुन्हा गाळलं, आटवलं आणि निवत ठेवलं. मडक्यांत पांढऱ्या सुयांसारखा सोरा धरला. दोन मण भरून वर उरला.

दरबारात महाराजांनी डोळे वटारले. "कुदळ कुणी लावली?"

"ज्याची त्यानं, महाराज. पागेत तर आपल्याच हुकमानं लागली."

महाराज मिशीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं, जिंकलं कोण?"

"आपणच. टोपलीमागे पाटलांच्या दुप्पट सोरा निघाला."

"म्हणजे आमचे घोडे सगळ्यात तगडे!"

"असतीलच की. पण नुसत्या खाण्यानं एवढा सोरा धरत नाही, महाराज. त्याला सात-आठ वर्षं झाडू न लागलेली जमीन लागते."

पागेचा कारभारी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. पागा आरशासारखी ठेवतो म्हणून परवाच त्याला सोन्याचं कडं मिळालं होतं.

महाराजांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ठकूकडे, आणि पोट धरधरून हसत सुटले. कुदळीवरची बंदी तिथल्या तिथं उठली. कडं मात्र कारभाऱ्याला स्वतःच्या हातानं काढून ठकूला द्यावं लागलं.