मोटरीच्या पोटातले पाणी

हिमालयातल्या एका सरोवराकाठी होड्यांच्या मोटरी माणसांशी बोलत असत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. गोठवणारी थंडी तोंडावर आली, तेव्हा ताशी नावाड्याने आपली मोटर नावेवरून उतरवली आणि तिला आराम मिळावा म्हणून गवतावर आडवी निजवली.

"ताशीदादा, अशीच राहू दे मला!" मोटर आनंदाने म्हणाली. "उभी केलीस, तर पोटातले पाणी गळून जाईल. उन्हाळाभर त्यानेच मला तापू दिले नाही. अशा सोबत्याला ऐन थंडीत बाहेर काढू?"

तोच आतून पाणी ओरडले, "अगं वेडाबाई, काढच मला! आज मी गोठणार, गोठले की फुगणार, आणि तुझे अंग तडकणार. ते थांबवणे माझ्या हाती नाही!"

"मग तू जाशील कुठे?"

"सरोवरात. घरच आहे ते माझे!"

"दादा, धाव! उभी कर मला!"

ताशीने धावत येऊन मोटर लाकडी घोडीवर उभी टांगली. पाणी खळखळत उतरले आणि उताराने सरोवराकडे पळाले. "जा, लवकर जा!" मोटर ओरडत राहिली. शेवटचा थेंब सुटला, तेव्हा काठावर बर्फाची पहिली साय धरू लागली होती.