गंगाशेटची मूठ आणि आवडीचा फणस

एक सांगा बघू मंडळी. विश्वास कुणावर ठेवावा? पैशाची थैली खाली ठेवून बोलणाऱ्यावर, की छातीशी घट्ट धरून बोलणाऱ्यावर? घाई नको. समोरचे तळलेले गरे घ्या, खाता खाता ऐका.

कुसगडच्या दुर्धरराजांचा खजिना हत्तीच्या लग्नात संपला. हो, हत्तीच्याच! वरातीला नवरदेव बसवायला त्याहून मोठं जनावर मिळेना, म्हणून लाकडाचं करवून घेतलं होतं. राज्यात उरले नुसते फणस. पण राजांच्या विद्यापीठात विश्वंभरशास्त्री नावाचे आचार्य होते. बारा वर्षं खपून त्यांनी वर्षभर टिकेल अशी फणसपोळी शोधून काढली होती. आता हवा होता कारखाना, आणि कारखान्याला भांडवल.

म्हणून विद्यापीठाच्या अंगणात ओटा, चुली, कढया मांडल्या, रस आटवायला बाया जमवल्या, तिथेच दरबार भरवला आणि बंदरावरून सावकार गंगाशेटला बोलावलं. शेट उजव्या मुठीत थैली धरूनच पालखीतून उतरला. ती थैली त्याने म्हणे लग्नातसुद्धा खाली ठेवली नव्हती!

"भांडवल घालतो," शेट म्हणाला. "पण अट आहे. थैली तुमच्या कारखान्याच्या ओट्यावर राहील आणि माझी मूठ थैलीवर राहील. अशात कारखाना चालवून दाखवा!"

"अहो शेट, मूठ न सोडता पैसा कसा द्याल?" राजांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. शहाण्यांचं विद्यापीठ आहे ना तुमच्याकडे?"

राजे हट्टाला पेटले. "दिवस मावळायच्या आत ही अट पुरी करा! नाहीतर सगळे फणस तोडा आणि त्या लाकडाचं माझ्यासाठी जंगी सिंहासन करा!"

भिकू गावकराची लेक आवडी फणसाच्या पाट्या घेऊन आली होती, ती चपापली. आज्याने लावलेली तिची फणसांची राई वेशीला लागूनच होती. कुऱ्हाड पहिली तिथेच पडणार!

ती शास्त्रीबुवांजवळ गेली. "गुरुजी, एक विचारू? फणसाचा चीक हाताला लागला, तर घट्ट व्हायला किती वेळ लागतो?"

शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले. "बाळ, बारा वर्षांत मला प्रश्न विचारणारी तू पहिलीच! आपल्या विद्यापीठाच्या बागेतल्या फणसाचा ना? अर्धी घटका. मग हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही. सुटेल तो फक्त तेलाने!"

आवडी शेटपुढे उभी राहिली. "शेटजी, अट मान्य! पण आमच्याकडे रीत आहे. फणसाच्या धंद्यात जो भागीदार होतो, त्याने पहिला फणस स्वतःच्या हाताने फोडायचा. ही तेलाची वाटी. आधी हाताला तेल लावून घ्या."

"तेल?" शेट हसला. "म्हणजे मूठ निसटावी आणि थैली तुमच्या पदरात पडावी! अगं पोरी, मी काय काल जन्मलो?"

"तेल लावा हो शेटजी. आमची म्हातारीकोतारी माणसंही लावतात."

"नाही म्हणजे नाही!"

आणि कोरड्या हातांनी शेटने विद्यापीठाच्या बागेतला फणस फोडला. गरा तोंडात घातला मात्र, "वा! वा!" करत दोन्ही हात आत! चिकाचे ओघळ कोपरापर्यंत आले. थैली या हातातून त्या हातात, त्या हातातून परत या हातात. मग ओट्यावर थैली टेकवून, तिच्यावर उजवी मूठ ठेवून शेट डाव्या हाताने आठळ्या मोजत बसला.

अर्धी घटका झाली. शेटने मिशी पुसली, तर डावा हात मिशीलाच चिकटला! उजवा हात थैलीला, थैली ओट्याला! राजे ओढायला धावले, पाय घसरला आणि फणस फोडून चिकाने माखलेल्या चौरंगावर धपकन बसले.

"अट पुरी!" आवडीने टाळी वाजवली. "थैली ओट्यावर, मूठ थैलीवर. बायांनो, चुली पेटवा गं!"

कढया चढल्या. रस रटरटू लागला. शेटच्या डोक्यावरून, काखेखालून उलथनी फिरू लागली.

"अगं, पण मी असा किती दिवस?"

"पोळी टिकते वर्षभर, तोवर विकली जाईलच. जेवणाची काळजी नको. आम्ही भरवू!"

"वर्षभर? आणि... आणि माझं नाक खाजतंय!"

"तेलाची वाटी समोरच आहे शेटजी. पण तेल लावलं की मूठ सुटणार. कुसगडच्या लोकांनी अट मोडली असं उद्या बंदरावर कुणी बोलेल. तुम्हीच सांगा, काय करू?"

"मी सांगतो! चौघांदेखत सांगतो! अट गेली खड्ड्यात! ती थैली तुम्हीच ठेवा, पण माझा हात सोडवा!"

शास्त्रीबुवांनी तेल चोळलं. दोन्ही हात सुटले. शेटने आधी पोटभर नाक खाजवून घेतलं. मग त्याची नजर थैलीकडे गेली. शेटने हात पुढे केला... आणि थैलीऐवजी गरा उचलून खदखदून हसू लागला!

"अरे, रिकाम्या हाताने गरा काय झकास लागतो! राहू दे थैली इथेच. आणि शास्त्रीबुवा, हा चीक माझ्या गलबतांच्या फटी बुजवायला चालेल का हो?"

"दुसरा प्रश्न!" शास्त्रीबुवा हुंदका देऊन म्हणाले. "उद्याच तपासून सांगतो!"

"पण माझ्या सिंहासनाचं काय?" म्हणत राजे उठले, तर चौरंगही त्यांच्याबरोबर उठला!

आवडी लवून म्हणाली, "महाराज, राजा उठला तरी जे त्याला सोडत नाही, त्याहून भक्कम सिंहासन कुठल्या राजाकडे आहे?"

राजे इतके हसले, इतके हसले, की चौरंग खालच्या फरशीवर तबल्यासारखा वाजू लागला! आवडीला राई कायमची बहाल झाली, कारखान्याचा कारभार तिच्या हाती आला, आणि शास्त्रीबुवांना प्रश्न विचारायला दोन शिष्य नेमले गेले.

तर मंडळी, माझं सारं लक्ष बोलण्यात होतं आणि ताट रिकामं दिसतंय. कुणी किती गरे उचलले ते मी काही पाहिलं नाही. तेवढा हिशेब ज्याचा त्याने प्रामाणिकपणे ठेवा, बरं का!